भाव विचारण्यात लाज कसली?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी संतांवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर बोलते. माझ्या वाट्याला मात्र पंख्याचा कपॅसिटर आला आहे. कार्यकारिणीने मला सांगितले, "तुमच्यावर जे गुदरले तेच सांगा, त्याचा सगळ्यांना उपयोग होईल." म्हणून आज विद्वत्तेचे काही सांगण्याऐवजी माझी एक फजिती आणि तिच्यातून मिळालेले शहाणपण तुमच्यापुढे ठेवणार आहे. ही फजिती आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. तरी आज ती माझ्या तोंडून एकदा नीट ऐका.

आपल्या जळगावचा वैशाख कसा असतो हे तुम्हांला सांगायला नको. पारा पंचेचाळिशीला टेकला की घरातले माणूस बंद पडले तरी चालेल, पण पंखा बंद पडता कामा नये, अशी आपली अवस्था होते. अशाच एका उन्हाळ्यात आपला शिवणवर्ग ऐन भरात होता. सभागृहातले चारही पंखे मंदावले. वारा लागेना, पाती मोजून घ्यावी अशी फिरत. कूलरचा पंप पाणी चढवीना. ध्वनिक्षेपकाची वायर तर अशी खरखरे की पाहुण्यांच्या भाषणापेक्षा तिचाच आवाज मोठा. खरेदीचे काम माझ्याकडे होते. कारागिराने कागदावर चार नावे लिहून दिली आणि मी भर दुपारी डोक्याला पदर गुंडाळून बाजारात गेले.

पहिल्याच दुकानात शिरले. कागद पुढे केला. दुकानदाराने भराभर डब्या काढून काचेच्या कपाटावर मांडल्या, आकडेमोड केली आणि म्हणाला, "ताई, दोन हजार एकशे साठ." मी पैसे दिले आणि निघाले. बिल मागितले नाही. त्याने एका चिठोऱ्यावर एकूण रक्कम लिहून दिली, तेवढे पर्समध्ये कोंबले. एकेका वस्तूचा भाव काय, हे मी विचारले नाही. का विचारले नाही? घाई होती हे एक कारण. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटे नाही. पण खरे कारण निराळे आहे आणि ते कबूल करायला मला आजही जड जाते. मला त्या वस्तूंची नावे नीट उच्चारता येत नव्हती. भाव विचारला तर तो उलट काही विचारील, "किती एम.एफ.डी.चा हवा?" म्हणेल, आणि बाजूला उभे असलेले दोघे-तिघे पुरुष हसतील, ही भीती होती.

पुढे महिनाअखेर हिशेबाची सभा झाली. मी खर्च वाचून दाखविला. आपल्या एका सभासद भगिनीच्या घरी याच कामाचा धंदा आहे. त्या सहज म्हणाल्या, "एवढ्या सामानाला हजारसुद्धा लागत नाहीत." एवढेच वाक्य. पुढे कोणी काही बोलले नाही. पण भगिनींनो, सभेतली ती शांतता मला फार बोलली. चहा आला, तो घेताना कोणी माझ्याकडे पाहीना. माझ्यापाशी बिल नव्हते, वस्तूवार भाव नव्हता, होता तो एक चिठोरा. वीस वर्षे मंडळात काम केलेल्या बाईने मधले अकराशे रुपये कुठे नेले, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर त्याला उत्तर देण्यासारखे माझ्या हातात काहीच नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी अकराशे साठ रुपये घेऊन अध्यक्षीणबाईंच्या घरी गेले. त्यांनी पैशाला हात लावला नाही. म्हणाल्या, "हे पैसे भरलेस तर लोक म्हणतील, खाल्ले होते म्हणून भरले. आधी खरा भाव काय तो काढ. मग बोलू."

त्याच आठवड्यात भावाच्या नातवाच्या बारशाला मला धुळ्याला जायचे होते. एरंडोल, पारोळ्यावरून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरची वाट. २०२३ च्या मार्चपासून आपणां बायकांना एस. टी.चे अर्धे तिकीट, त्यामुळे जाण्याचा खर्चही बेताचा. देवपुरात भावाच्या घरी माझी आई असते. वय झाले, पण बुद्धी अजून तल्लख. तिला सारी हकीकत सांगितली. ती हसली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "इचाराले पैसा लागतस का वं माय?"

आणि मला लहानपणाची आई आठवली. मिरची घ्यायची तर ती बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भाव विचारीत जाई आणि परत येताना घेई. जाताना एक छदामाचीही खरेदी करीत नसे. मी तिचा हात धरून कंटाळून जाई. भरताचे वांगे घेताना आपणसुद्धा काय कमी करतो? दहा वांगी उलटीपालटी करतो, देठ पाहतो, हातात तोलून पाहतो, तेव्हा एक टोपलीत पडते. जळगाव तर सोन्याचे गाव. सोने घ्यायला निघालो की आधी वर्तमानपत्रात भाव पाहतो, दुकानात घडणावळ वेगळी विचारतो, हॉलमार्क पाहतो, वजन डोळ्यांदेखत करवितो. वांग्याला विचारतो, सोन्याला विचारतो, मग पंख्याच्या कपॅसिटरलाच आपली वाचा का बसावी? वस्तू ओळखीची नाही, एवढेच ना? मग ओळख करून घ्यावी.

मी ती करून घेतली. भाच्याने समजावून सांगितले ते जसे समजले तसे सांगते. आपल्या घरातल्या पंख्याच्या मोटरीत तारेची दोन वेटोळी असतात. आपल्या घरी येणाऱ्या विजेवर एकच वेटोळे असले तर मोटर नुसती गुणगुणेल, आपण होऊन फिरावयास लागणार नाही. दुसऱ्या वेटोळ्यात वीज थोडी पुढेमागे पोहोचावी लागते, म्हणजे पात्यांना एका दिशेने रेटा बसतो. हे पुढेमागे करण्याचे काम ती काडेपेटीएवढी डबी करते. तिचे नाव कपॅसिटर. तिची शक्ती मायक्रोफॅरडमध्ये मोजतात. डबीवर ते एम.एफ.डी. असे लिहिलेले असते. घरच्या छताच्या पंख्याला बहुधा अडीचचा लागतो. उष्णतेने आणि वापराने तिची शक्ती हळूहळू घटते, आणि ती घटली की पंखा मंदावतो. अशा वेळी आपण पुष्कळदा रेग्युलेटर बदलतो, आणि दोष असतो कपॅसिटरचा.

दुसऱ्या दिवशी मी आणि भाच्याची बायको, दोघी आग्रा रोडला निघालो. जुनी डबी मी सोबत नेली होती. तीन दुकानांत गेलो, पाचकंदिलाच्या बाजूला आणखी एकात विचारले. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य: "भाऊ, ही अशीच डबी हवी, अडीचची, याच व्होल्टेजची, काय भाव, आणि कोणत्या कंपनीची?" कोणी हसले नाही. एकाने तर उलट म्हटले, "मावशी, जुना नमुना आणलात हे बरे केले, निम्मे लोक नुसते 'पंख्याचे ते' म्हणून मागतात." भाव वहीत उतरवून घेतले. जळगावला परत आल्यावर आपल्या गोलाणी मार्केटात आणि फुले मार्केटच्या बाजूला मिळून आणखी तीन दुकाने पाहिली. आता ती वही तुम्हांला वाचून दाखविते.

कपॅसिटर: मी दिले नगास १८० रुपये, चारांचे ७२०. दोन्ही गावांत त्याच कंपनीचा तोच नग ६० ते ८० रुपयांना. मध्यम भाव ७० धरला तर चारांचे २८०.

कूलरचा पंप: मी दिले ३५०. इतरत्र ३३० ते ३६०. म्हणजे भाव रास्त.

ध्वनिक्षेपकाची दहा मीटर वायर, दोन्ही टोकांच्या पिनांसह: मी दिले ६१०. इतरत्र ३०० लाही होती, पण ती हातात घेतली तर पातळ, आत तांब्याचे चार धागे. आपण घेतली तशी जाड वायर सगळीकडे ६०० च्या आसपास. म्हणजे हाही भाव रास्तच.

रेग्युलेटर: ४८०. भावात फारसा फरक नव्हता. पण कपॅसिटर बदलताच चारही पंखे पूर्ववत फिरू लागल्यामुळे तो बसविलाच नव्हता. डबीसकट कपाटात पडून होता. म्हणजे तो महाग नव्हता, तर नकोच होता.

आता बेरीज करा. खरा खर्च १,२४० रुपये. मी दिले २,१६०. पण सभेत म्हटले गेले तसे हजाराच्या आत ते काम होत नव्हते. सगळ्यात हलका माल घेतला असता तरच झाले असते. त्या भगिनींनी भाव ऐकीव सांगितला होता, मी भाव न ऐकताच पैसे दिले होते. दोघीही अंदाजाने चाललो आणि त्या दोन अंदाजांच्या मध्ये माझी अब्रू लोंबकळत राहिली. वही नसती तर ती अजून तशीच लोंबकळत असती.

वही घेऊन मी पहिल्या दुकानी परत गेले. दुकानाचे नाव सांगणार नाही, कारण पुढचे ऐकले म्हणजे तुम्हांलाही त्या माणसाला सर्वस्वी दोष द्यावासा वाटणार नाही. रेग्युलेटर त्याने मुकाट्याने परत घेतला आणि ४८० रुपये मोजून दिले. कपॅसिटरविषयी विचारले, तेव्हा त्याने डबीची बाजू माझ्यापुढे धरली. तिच्यावर कमाल किंमत १९५ रुपये छापली होती. म्हणाला, "ताई, छापील भावापेक्षा पंधरा रुपये कमीच घेतले. आणि खरे सांगू? तुम्ही विचारलेच नाही."

मला राग आला, पण उत्तर सुचले नाही. कारण कायद्याने तो चुकला नव्हता. ही गोष्ट आपण नीट समजून घ्यावी म्हणून जरा थांबते. बंद पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आपल्या देशात १९९० मध्ये आली. आज ती २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम यांखाली आहे. त्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेणे हा गुन्हा आहे. 'जी.एस.टी. वेगळा' असे म्हणून वर पैसे मागणे हेही चालत नाही, कारण छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. छापील किमतीवर जास्त किमतीची चिकटपट्टी लावणे हेही नियमाविरुद्ध. असे कोणी केले तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते. पण ती किंमत ही कमाल आहे. तिच्या खाली भाव किती असावा हे कायदा सांगत नाही. ते बाजार ठरवितो, आणि बाजारात जी बाई विचारीत नाही तिचा भाव दुकानदार ठरवितो. सुट्या विद्युत् भागांत छापील किंमत आणि चालू भाव यांत केवढे अंतर असते, ते माझ्या वहीने दाखविलेच आहे.

भगिनींनो, विचारणाऱ्या बायका आपल्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ गृहिणींनी एकत्र येऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' हे तिचे नाव. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्या कायद्याने वस्तूची प्रत, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळणे हा आपला हक्क ठरविला आहे. म्हणजे भाव विचारणे ही दुकानदाराजवळ केलेली याचना नव्हे. ज्यांनी लाटणी उचलली त्यांच्या लेकी-सुना आपण, आणि आपल्याला कपॅसिटरचा भाव विचारायला लाज वाटावी!

आता मी काय शिकले ते थोडक्यात सांगते.

पहिले, जुनी वस्तू सोबत न्यावी. ते जमत नसेल तर तिच्यावरील अक्षरे-आकडे कारागिराकडून कागदावर लिहून घ्यावे किंवा मोबाईलवर फोटो काढावा. मात्र पंख्यातून किंवा मिक्सरमधून भाग काढण्याचे काम कारागिरालाच करू द्यावे. बटण बंद केले तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. हात लावण्याचे धाडस करू नये.

दुसरे, भाव तीन ठिकाणी विचारावा, पण विचारावा तो त्याच वस्तूचा. कंपनी तीच, आकडा तोच, हमी तीच. पातळ वायरीचा भाव घेऊन जाड वायर विकणाऱ्याशी भांडणे हा अन्याय आहे. मोबाईलवरही भाव पाहावा, परंतु घरपोच आणण्याचा खर्च, मागवावे लागणारे कमीत कमी नग आणि वस्तू जुळली नाही तर परत पाठविण्याची यातायात, हे सगळे त्यात धरावे. गावातला दुकानदार एकच नग देतो, आज देतो आणि कित्येकदा लावून, तपासून देतो. त्याला दहा-वीस रुपये जास्त पडले तर ते त्याच्या सेवेचे आहेत, लुटीचे नाहीत.

तिसरे, सगळ्यात स्वस्त ते घेऊ नये. मोबाईलचा चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवा अशा वस्तूंवर भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या ॲपवर तो क्रमांक घालून खरा की खोटा ते पाहता येते. बाजारात बसून चहा पितापिता होण्यासारखे काम आहे. स्वस्त चार्जरने घर पेटले तर वाचविलेले शंभर रुपये काय कामाचे?

चौथे, बिल घ्यावेच. जी.एस.टी.ची नोंदणी असलेल्या दुकानदाराला दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीवर बिल न देण्याची मुभा आहे खरी, परंतु आपण मागितले तर त्यालाही ते द्यावेच लागते. बिलावर एकेका वस्तूचा भाव वेगळा लिहून घ्यावा. बिल असले तर हमी मागता येते आणि वेळ आलीच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर नुसता फोन करूनही मार्ग विचारता येतो. आणि बिल असले म्हणजे हिशेबाच्या सभेत ताठ मानेने बसता येते, हे मी माझ्यावरून सांगते.

पाचवे आणि महत्त्वाचे. भाव विचारताना माणसाचा मान राखावा. दुकानदार म्हणजे चोर असे धरून आत शिरू नये. मी सात दुकाने फिरले. त्यांपैकी पाच जणांनी एकमेकांच्या जवळपासचाच भाव सांगितला. कारागिराची मजुरीही वस्तूच्या भावात मिसळू नये. डबी सत्तर रुपयांची असेल, पण दोष रेग्युलेटरात नाही, डबीत आहे, हे ओळखण्याची जी अक्कल आहे तिचे पैसे निराळे आणि ते हसतमुखाने द्यावेत.

त्या उन्हाळ्यानंतर आपल्या मंडळाच्या कपाटात एक 'भाववही' ठेवली आहे. जिने जे घेतले त्याचे नाव, आकडा, कंपनी, गाव, तारीख आणि दिलेला भाव तिने त्यात लिहायचा. दुकानाची निंदा लिहायची नाही, नुसता भाव. आज तिची साठ पाने भरली आहेत. मिक्सरचा कपलर, कुकरच्या शेगडीची कॉइल, टीव्हीचा रिमोट, इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी, सगळे त्यात आहे. भाव बदलत राहतो, म्हणून जुने पान हे फक्त अदमासाला, विचारावे लागतेच.

त्या वहीचा उपयोग काय झाला, एकच सांगते. आपल्या गल्लीत एक भगिनी घरघंटीवर डाळी-मसाले दळून दोन मुलांचे शिक्षण करतात. लग्नसराईत त्यांच्या घंटीची मोटर नुसती गुणगुणू लागली, फिरेना. त्यांना कोणी सांगितले, मोटर गेली, सहा हजार लागतील. त्या रडवेल्या होऊन मंडळात आल्या. वहीतली पंख्याची हकीकत वाचून आम्ही म्हटले, आधी कपॅसिटर तपासा. दुसरा कारागीर बोलावला. दोष कपॅसिटरचाच निघाला. तीन दुकानांत भाव विचारून नग आणला. मजुरीसकट साडेचारशे रुपयांत संध्याकाळी घंटी सुरू झाली. प्रत्येक वेळी असेच होईल असे मी म्हणत नाही. कधी मोटर खरोखरच गेलेली असते. पण विचारल्यावाचून ते कळत नाही. विशेष म्हणजे त्या दिवशी त्यांच्याबरोबर बाजारात कोण गेले? हिशेबाच्या सभेत बोललेल्या त्याच आपल्या भगिनी. आता आम्ही दोघी मिळून भाववही सांभाळतो.

राहिले ते ४४० रुपये. कपॅसिटरवर जास्त गेले ते. पुढच्या सभेत मी वही वाचून दाखविली, परत मिळालेले ४८० जमा केले आणि हे ४४० माझ्या पदरचे भरले. नको, नको असे पुष्कळजणी म्हणाल्या. पण अध्यक्षीणबाईंनी या खेपेस ते घेतले आणि रीतसर पावती फाडून दिली. त्यांनी केले ते बरोबरच होते. मंडळाचा पैसा हा पापड-कुरडया विकून जमविलेला पैसा आहे. तो माझ्या संकोचापायी जाऊ नये. ती पावती मी भाववहीच्या पहिल्या पानावर चिकटविली आहे. कोणालाही पाहता येईल.

आपला पुष्कळ वेळ घेतला. आता सभा संपली की वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. या महिन्यात कोणी काही विकत घेतले असेल तर भाव लिहून मगच अल्पोपाहाराला चलावे, एवढी विनंती करून माझे दोन शब्द संपविते.